पान बत्तीसनंतर एकोणपन्नास

कूलरला नवं गवत लावलं की पहिले दोन दिवस घरभर ओल्या लाकडाचा वास असतो. नागपुरात उन्हाळा लागला हे मला पंचांगावरून कधी कळलं नाही, या वासावरून कळतं. यंदा मार्चच्या शेवटच्या रविवारी आमच्या यांनी कूलरच्या तिन्ही जाळ्या धुतल्या, गवत भरलं, पंप बसवला. पाणी सोडलं तर नेहमीप्रमाणे डावी जाळी कोरडी. नळीची भोकं सुईने मोकळी करायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. सुईचा डबा कूलरच्या बाजूच्या कपाटात असतो, म्हणून कपाट उघडलं. खालच्या दोन कप्प्यांत पुस्तकं आहेत. खाकी कव्हरं, पाठीवर माझ्या हाताने घातलेले क्रमांक, एक ते अठ्ठावन्न. चार उन्हाळे झाले, त्यांना कोणा मुलाचा हात लागलेला नाही.

चार उन्हाळ्यांपूर्वी माझ्या या पुढच्या खोलीत मुलांचं पुस्तक मंडळ भरायचं. मे महिन्यात, रविवार सोडून रोज, दुपारी दोन ते चार. पंचवीस दुपारी भरलं. चौदा मुलं होती. पंचविसाव्या दुपारी मी ते बंद केलं. लोक विचारतात तेव्हा मी सांगते की वेळ मिळेना. ते खरं नाही. मला फसवलं गेलं होतं आणि ती ठेच अजून दुखते, हे खरं आहे.

मी एका दवाखान्याच्या औषध भांडारात काम करते. सकाळची पाळी, सात ते एक. गोळ्यांच्या पट्ट्या मोजायच्या, मुदत संपलेल्या वेगळ्या काढायच्या, रजिस्टरातला आकडा आणि कप्प्यातला आकडा जुळवायचा. सत्तावीस वर्षं हेच करते आहे. दोन आकडे जुळले की मला शांत झोप लागते आणि न जुळले की जेवण जात नाही. हा स्वभाव चांगला की वाईट, ते मला ठरवता आलेलं नाही.

मंडळाची कल्पना माझी नव्हती. तळमजल्यावरच्या मंदाताईंची होती. त्या साठीच्या, एकट्या राहतात, उन्हाळाभर गच्चीवर कुरडया आणि पापड घालतात. एके दिवशी मी स्कार्फ गुंडाळून, भट्टीतून निघाल्यासारखी घरी येत होते, तर त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या.

"शैला, हे पोट्टे पाहून राहिली काय वं?" जिन्याखाली पाच-सहा पोरं एका मोबाइलवर माना घालून बसली होती. "सकाळधरून एकाच डबड्यात घुसले आहेत. माशा कशा गुळावर बसतात, तशे."

"सुट्ट्या आहेत, ताई. बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. जाणार कुठे?"

"तुह्या घरी कूलर आहे ना मोठा? तं घे बसवून. पुस्तकं दे हातात. माह्या घरी आणलं असतं, पण माह्या घरचा कूलर आवाज करते, हवा नाई देत."

मला पटलं. माझा स्वतःचा मुलगा तेव्हा शिकायला पुण्याला गेला होता आणि दुपारी घर फार रिकामं वाटायचं. पुस्तकांच्या एका प्रदर्शनातून मी अठ्ठावन्न पुस्तकं आणली, दोन रविवार बसून सगळ्यांना कव्हरं घातली, क्रमांक टाकले, एक लांब रजिस्टर आखलं. मुलं आली. खरं सांगायचं तर ती पुस्तकांसाठी आली नव्हती, कूलरसाठी आली होती. मला ते माहीत होतं. मला वाटलं, हवेसाठी येतील आणि पुस्तकांसाठी थांबतील. अशी माझी योजना होती.

योजनेला नियम हवेत. पहिला तास वाचायचं. दुसऱ्या तासात ज्याचं पुस्तक संपलं त्याने माझ्यासमोर स्टुलावर बसून ते आपल्या शब्दांत सांगायचं. साठ मिनिटं भागिले चौदा मुलं, म्हणजे प्रत्येकाला चार मिनिटं आणि वर थोडी सेकंदं. सांगून झालं की रजिस्टरात त्याच्या नावासमोर हिरव्या पेनाने बरोबरची खूण. आणि शनिवारी ज्याच्या खुणा सर्वांत जास्त, त्याला पुढचा आठवडाभर कूलरच्या तोंडासमोरची जागा. फाटलेलं पुस्तक सापडलं तर ते मंडळातून बाद. भांडारात आम्ही खराब माल लगेच वेगळा करतो, नाहीतर तो चांगल्या मालात मिसळतो. पहिल्याच आठवड्यात दोन पुस्तकांची पानं सुटली, ती मी काढून वरच्या कप्प्यात ठेवली. छप्पन राहिली.

त्या दुपारी आठवतात तशा सांगते. पडदे ओढलेले, खोलीत पाण्याखाली असतो तसा उजेड. कूलरचा घुंऽऽ असा एकसुरी आवाज आणि त्यात मध्येच पंपाचा घोट. हवेने पानं आपोआप उलटायची, म्हणून प्रत्येक मुलाने आपापली युक्ती काढली होती. कोणी अंगठा लावून बसायचं, कोणी पट्टी ठेवायचं, एकीने तर पायाचा अंगठा वापरला होता. दमट हवेने खाकी कव्हरं मऊ पडायची, बोटांना कागदाचा नाही, कापडाचा स्पर्श व्हायचा. वीज गेली की चौदा तोंडांतून एकदम "अरेऽऽ" निघायचं आणि मग मिनिटाभरात घामाचा, तेलाचा, कैरीचा वास. तरी कोणी उठायचं नाही. पुठ्ठ्याने वारा घेत पुस्तक समोर धरून बसायची. मी रजिस्टर मांडीवर घेऊन त्यांच्याकडे बघायची. इतकं सुख मला फार थोड्या गोष्टींनी दिलं आहे.

वेदांत नावाचा एक चौथीतला मुलगा सगळ्यांत पुढे होता. चार आठवड्यांत एकोणीस खुणा. गोष्ट सांगताना तो स्टुलावर बसायचाच नाही, उभा राहून नाटक करायचा. त्याच्या मागोमाग नऊ-दहा मुलं, दहा, अकरा, बारा खुणांची. आणि सगळ्यांत शेवटी मिताली. मागच्या गल्लीतली, सातवी झालेली, सगळ्यांत मोठी. तिची आई ब्लाउज शिवते. मिताली दाराजवळ बसायची. तिथे कूलरची हवा पोचत नाही आणि दाराच्या फटीतून झळ येते. चार आठवड्यांत तिच्या खुणा फक्त पाच. मला तिची दया यायची. मी मुद्दाम तिला मोठ्या अक्षरांची, कमी पानांची पुस्तकं द्यायची आणि हळूच म्हणायची, "घाई नाही बरं. जमेल." ती मान डोलवायची आणि पुस्तक घ्यायची. एकदाही म्हणाली नाही की हे मला नको.

पंचवीस तारखेला नवतपा लागला. नवतप्याचे नऊ दिवस म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्याचा कळस. रस्ते ओस, कुत्री नालीत, गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं. त्या दिवसांतही चौदापैकी चौदा हजेरी. मी दवाखान्यात सगळ्यांना आकडे ऐकवायची. चौदा मुलं, छप्पन पुस्तकं, एकशे त्रेचाळीस खुणा. आमच्या भांडारातल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाले तं बक्षीस भेटाले पाहिजे." मला ते पटलं होतं, हे लपवत नाही.

नवतप्याचा पाचवा दिवस रविवार होता. सुट्टीच्या दुपारी मी मऊ पडलेली कव्हरं बदलायला बसले. आणखी कुठली पानं सुटलीत का, ते बघायला मी या वेळी प्रत्येक पुस्तकाचा शेवटचा पानक्रमांक पाहत होते आणि पानं सरसर चाळत होते. तेवीस क्रमांकाचं पुस्तक एका म्हातारीच्या शेळीचं होतं. चौसष्ट पानांचं. चाळताना बोट अडलं. बत्तीसच्या पुढे एकोणपन्नास.

आधी वाटलं कोणी फाडली. शिवण पाहिली. दोरा शाबूत, फाटल्याची कडसुद्धा नाही. म्हणजे बांधणाऱ्याकडूनच सोळा पानांचा एक जुडगा राहिला होता आणि मी पुस्तकं मोजून आणली, पानं मोजली नाहीत. माझी चूक. मी ती लगेच मनात नोंदवली. मग बत्तिसावं पान वाचलं. नदीच्या घाटावर शेळी दावं तोडून पळते. एकोणपन्नासावं वाचलं. शेळी परत म्हातारीच्या अंगणात उभी, आणि गळ्यात एक घंटा. मधलं काही नाही.

पण मला मधलं माहीत होतं. मला ते पाठ होतं. शेळी वाट चुकून एका बंद पडलेल्या मोटेच्या विहिरीवर जाते. तिथे एक म्हातारा बैल बसलेला असतो. तो विचारतो, तुला कोणी शोधतंय का? ती म्हणते, माहीत नाही. मग तो आपल्या गळ्यातली घंटा तिला देतो. म्हणतो, मी आता कुठेच जात नाही, मला कोण ऐकणार. तू हलत राहा, म्हणजे शोधणाऱ्याला कळेल. वेदांतने तो बैल करताना गुडघे टेकले होते आणि छोट्या मुली गप्प झाल्या होत्या. मी स्वतः घड्याळाकडे बघायचं विसरले होते. फक्त तेवढ्याच वेळी.

रजिस्टर काढलं. तेवीस क्रमांकाच्या रकान्यात नऊ मुलांच्या नऊ खुणा. नऊही जणांनी मला बैल सांगितला होता. उरलेली अठ्ठेचाळीस पानं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बैल कुठेही नव्हता.

परीक्षेचे पेपर तपासणाऱ्याला जे कळतं ते मला त्या क्षणी कळलं. बरोबर उत्तर नऊ जणांचं एकसारखं येऊ शकतं. चूक नऊ जणांची एकसारखी येत नाही. आली, तर ती कुठूनतरी एकाच जागेहून येते.

सोमवारी दोन वाजता सगळे बसल्यावर मी ते पुस्तक हातात धरलं. "बैल कोणत्या पानावर आहे?"

"मधात आहे ना काकू," वेदांत कूलरसमोरून म्हणाला.

"ये. दाखव."

तो आला. पानं उलटली, परत उलटली. "नाई दिसत... पण काकू, पुस्तकच चुकलं आहे. मी वाचलं होतं एकदा, तं बैल नव्हताच त्याच्यात. म्हणून मी मितालीले परत विचारलं. ते म्हणे, असते बैल."

दोन-तीन मुलं हसली. मी हसले नाही. दाराकडे पाहिलं. "मिताली, तू सांगितलंस यांना?"

"हो काकू."

"हे एकच?"

तिच्या आधीच वेदांतची धाकटी बहीण, पहिलीतली, कौतुकाने म्हणाली, "सगळेच! जिन्याखाली. इथं वर याच्या आधी रोज सांगते. भुताचं तं दोनदा सांगितलं."

जिन्याखाली. एक ते दोन. मी पाळी संपवून सव्वा-दीडला यायची तेव्हा ही सगळी मोटारपंपाजवळच्या थंड फरशीवर बसलेली असायची. मला पाहिलं की एकदम गप्प, आणि मग चौदा गळ्यांतून "नमस्ते काकूऽऽ". मी वर येताना मनात म्हणायची, किती शिस्तीची मुलं आहेत.

"म्हणजे सगळी पुस्तकं तू वाचलीस?"

"छप्पनच्या छप्पन," ती म्हणाली. "वरचे दोन राहिले."

"आणि तुझ्या नावावर पाच खुणा?"

"मले तुम्हाले सांगता नाई येत, काकू. तुम्ही घड्याळाकडे पाहून राहता."

मी विचारलं, पानं नाहीत हे तिला कळलं नव्हतं का. ती म्हणाली, कळलं होतं. मग मला का नाही सांगितलंस? "तुम्ही ते पुस्तक काढून टाकलं असतं. ते दोन काढले तसं."

"म्हणून मनाने घातलंस?"

"सगळे विचारे, घंटी कुठून आली, घंटी कुठून आली. काहीतरी तं सांगावं लागे ना."

एवढं सगळं ऐकल्यावर कोणी शहाणं माणूस काय म्हणालं असतं, ते मी नंतर चार वर्षांत बऱ्याच वेळा जुळवून पाहिलं आहे. त्या दिवशी मी म्हणाले, "याला खोटं बोलणं म्हणतात. आणि बाकीच्यांनी केलं त्याला चोरी." मग लाल पेन घेऊन मी एकेक खूण खोडली. त्यांच्या देखत, एकशे अडतीस खुणा. खोलीत फक्त कूलरचा आवाज आणि पेनाचा. मितालीच्या पाच मी खोडल्या नाहीत. त्या खऱ्या होत्या. त्या पाच ठेवण्यातही मला माझा न्याय वाटला होता.

मुलं एकेक करून गेली. वेदांतची बहीण "उद्या किती वाजता?" म्हणाली तेव्हा मी "उद्या नाही" म्हटलं. मिताली शेवटी उठली. मांडीवरचं पुस्तक स्टुलावर ठेवलं, पट्टीने खूण केलेलं पान तसंच उघडं. दाराशी चपला घातल्या आणि भर उन्हात निघून गेली.

पाच वाजता मी खाली गेले. मंदाताई कुरडयांचं वाळवण गोळा करून पायरीवर बसल्या होत्या. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"जिन्याखालचं."

"माहीत काहून नाई राहणार? माह्या दारासमोर बसत. पन्हं कोण देत होतं त्याहिले?"

"पंचवीस दिवस, ताई. रोज मी तुमच्या समोरून वर गेले. एक शब्द बोलला नाहीत."

"सांगितलं असतं तं तू बंद केलं असतं."

"मुलं माझ्याशी खोटं बोलत होती!"

"खोटं काय बोलले वं? गोष्ट आयकली, गोष्ट सांगितली. आणि तुह्या त्या हिरव्या रेघांसाठी कोण बोलत होतं? थंड्या हवेसाठी बोलत होते. जागा तूच लावली होती ना?" मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बरं, एक सांग. नऊ पोट्ट्यायनं तुले बैल सांगितला. तुले नाई कळलं. काहून नाई कळलं? तू वाचलं होतं काय ते पुस्तक?"

मी वाचलं नव्हतं. एकही वाचलं नव्हतं. अठ्ठावन्न पुस्तकं निवडून आणली, मागचा मजकूर वाचला, कव्हरं घातली, क्रमांक टाकले. भांडारात मी कोणती गोळी कशावर आहे ते जाणते, पण घेत नाही. तसंच काहीसं मी धरून चालले होते.

"तो प्रश्न वेगळा आहे," मी म्हणाले.

"असंल बापा," मंदाताई म्हणाल्या आणि सुपातल्या कुरडया निवडायला लागल्या.

तेव्हापासून आम्ही बोलतो. नळाला पाणी आलं का, मेथी काय भावाने, गॅस कधी संपला. या विषयावर नाही. त्या दरवर्षी कुरडयांचा डबा वर पाठवतात, मी डबा रिकामा पाठवत नाही. पण पूर्वी मी दारातून हाक मारून आत जायची, आता बेल वाजवते.

त्या पावसाळ्यात मी पुस्तकं वाचली. रोज रात्री जेवणानंतर एक, सगळी अठ्ठावन्न, फाटकी दोनसुद्धा. वाचताना मला मुलांचे आवाज ऐकू यायचे आणि कितीतरी ठिकाणी पुस्तक त्या आवाजांपेक्षा फिकं निघायचं. भुताच्या गोष्टीत भूत इतकं विनोदी नव्हतंच. राजाच्या गोष्टीतली दासी पुस्तकात दोन ओळींत संपते, जिन्याखाली तिला नाव होतं आणि एक वाईट सवय होती. मितालीने कुठे काय घातलं, ते मी पेन्सिलीने समासात लिहीत गेले. भांडारातल्या माणसाला फरक दिसला की तो लिहावाच लागतो. शेवटी मोजले. एकतीस पुस्तकांत तिने काहीतरी बदललं होतं आणि एकाही ठिकाणी पुस्तक बिघडलं नव्हतं.

पुढच्या वर्षी प्रदर्शनात मला शेळीच्या पुस्तकाची पूर्ण प्रत मिळाली. तिथेच उभ्याने तेहतीस ते अठ्ठेचाळीस वाचली. शेळी बाजारात सापडते, एक भला दुकानदार तिला घंटा बांधतो आणि म्हातारीला बजावतो की जनावर नीट बांधून ठेवत जा. सोळा पानं. मी प्रत विकत घेतली, तिच्यावर "तेवीस-अ" असा क्रमांक टाकला आणि मितालीला नेऊन द्यायची असं ठरवलं. दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक चूक माहीत असूनही दुरुस्त केली नाही.

म्हणजे मी चुकले होते, असं कोणी म्हणेल. मान्य आहे. पण त्याने फसवलं गेल्याची भावना कमी होत नाही, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. उलट ती नेमकी कशाची आहे, ते मला त्या पावसाळ्यात कळलं. खोट्या खुणांचं दुःख पंधरा दिवसांत ओसरलं. राहिलं ते दुसरंच. माझ्या घराच्या बावीस पायऱ्या खाली रोज तासभर एक मैफल भरत होती. तिथे पन्हं होतं, हसू होतं, एक बारा वर्षांची मुलगी होती जी हरवलेली पानं भरून काढू शकत होती. ज्यांच्यासाठी मी घर उघडलं होतं ते सगळे तिथे होते, माझी मैत्रीणसुद्धा. आणि मी दिसले की ते गप्प होत होते. पंधरा जणांपैकी एकालाही वाटलं नाही की शैलाकाकूंनाही बसवून घ्यावं.

मुलांचं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. पुढच्या मे महिन्यात मी जिन्यात पाटी लावली. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी वेदांतच्या आईला विचारलं, ती म्हणाली, त्याला संगणकाच्या वर्गाला घातलंय. जिन्याखालीही कोणी बसत नव्हतं. मला सगळ्यांत जास्त धास्ती त्याचीच होती. माझ्या खोलीतलं मंडळ मी बंद केलं, तो माझा हक्क होता. पण त्या लाल पेनाने मी खालचंही बंद केलं का? त्या मुलीने वाचणं सोडलं असेल तर? गल्लीत ती दिसायची, उंच होत चाललेली, दप्तर, सायकल, स्कार्फ. "काकू, बरं आहे ना?" म्हणायची आणि पुढे जायची. माझ्याकडून उत्तर फक्त "हो" एवढंच जायचं.

यंदा त्या रविवारी, कूलरची नळी साफ करून झाल्यावर, मी भाजी आणायला खाली उतरले तर ती आमच्याच जिन्याखाली. मंदाताईंचे ब्लाउज द्यायला आली होती. अकरावीची परीक्षा चालू आहे, म्हणाली. सायकलचं कुलूप काढत होती. मी थांबले. चार वर्षं जे टाळलं तेच तोंडातून निघालं.

"वाचतेस का गं अजून?"

"वाचते की. कॉलेजच्या लायब्ररीतून आणते."

मला एकदम हलकं वाटलं. म्हणून पुढचं विचारलं. "आणि सांगतेस का कोणाला?"

"नाही काकू." तिने स्कार्फची गाठ घट्ट केली. "आता नाही सांगत."

का, ते मी विचारलं नाही. आम्हा दोघींना माहीत होतं. मग मी तिला ते बोलले, जे मंदाताईंना कधी बोलू शकले नव्हते. म्हटलं, "त्या दिवशी मी खुणांसाठी चिडले असं तुम्हा सगळ्यांना वाटलं. मला राग वेगळाच होता. तुम्ही सगळे इथे बसत होता आणि मला कोणी बोलावलं नाही."

मोठ्या माणसाच्या तोंडून असं काही निघेल, ही तिची अपेक्षा नसावी. मग तिने अगदी साधेपणाने, उत्तर खरोखर हवं असल्यासारखं विचारलं, "बोलावलं असतं तर तुम्ही आल्या असत्या, काकू? नुसतं ऐकायला?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही. पण मी त्या वेळची मी डोळ्यांसमोर आणली, हातात रजिस्टर, मनगटावर घड्याळ. खाली आले असते तर मी आधी सतरंजी सरळ केली असती, मग हजेरी घेतली असती.

"नाही," मी म्हणाले. "आले असते, पण नुसतं ऐकायला नाही."

"मग बरं झालं नाही बोलावलं," मिताली म्हणाली. रागाने नाही, हसून, हिशेब जुळला की माणूस म्हणतो तसं. सायकल उलटी वळवली, फाटकातून बाहेर काढली आणि गेली.

तिचं उत्तर बरोबर होतं. मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. सत्तावीस वर्षं नोकरीत माझी अशी समजूत होती की बरोबर उत्तराचा राग येत नाही. येतो.